व्यायाम करताना ऑडिओबुक ऐकणे : गोष्ट निसटू नये म्हणून काय करावे?

कर्वेनगरकर

नमस्कार.

व्यायाम आणि वाचन या दोहोंसाठी मिळून दिवसाकाठी जेमतेम एक तास हाती लागतो, अशा नोकरदारांपैकी मी एक आहे. हिंजवडीहून घरी परतेपर्यंत पुस्तक उघडण्याची उमेद राहत नाही, आणि राहिलीच तर दोन पानांतच डोळे मिटू लागतात. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी व्यायामाच्या वेळेतच ऑडिओबुक ऐकू लागलो. ‘मराठीत ऐकायला आहे काय?’ अशी माझी तक्रार मुळीच नाही. स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचे ॲप २०१७ च्या अखेरीस भारतात आले तेव्हा इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठीही त्यात पहिल्यापासून होती, आणि त्यानंतर कादंबऱ्या, चरित्रे, रहस्यकथा यांची भर पडतच गेली आहे.

माझी अडचण वेगळी आहे. आठवड्यातले काही दिवस मी कोथरूडमधल्या एका जिममध्ये जातो आणि शनिवार-रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर. ट्रेडमिलवर असताना कादंबरी अशी काही पकड घेते, की यंत्र थांबले तरी प्रकरण संपेपर्यंत मी पट्ट्यावर उभा राहतो. डंबेल हातात घेतले मात्र, की सारे बिनसते. सेट संपवून भानावर यावे, तर मघाशी ज्याचे लग्न ठरत होते तो गृहस्थ आता विधुर झालेला असतो, आणि मधल्या काळात काय घडले याचा मला पत्ता नसतो. मग घामेजल्या बोटाने पंधरा सेकंद मागे जाण्याचे बटण दाबत बसावे लागते. टेकडीवर आणखी निराळा प्रकार होतो. चढताना ऐकलेले काहीच डोक्यात राहत नाही, पण वर पठारावर चालताना ऐकलेला शब्द न् शब्द आठवतो. शिवाय जिममध्ये स्पीकरवर सतत पंजाबी गाणी लावलेली असतात, त्यामुळे आवाज वाढवत न्यावा लागतो, तो भाग वेगळाच.

तेव्हा जाणकारांना विचारावेसे वाटते, की कोणत्या व्यायामाला कोणत्या प्रकारचे पुस्तक लावावे, वाचनाचा वेग वाढवून ऐकणे कितपत योग्य आहे, आणि वजने उचलताना गोष्ट ऐकण्याचा नाद सोडूनच द्यावा काय? ‘गाणी ऐका’ हे उत्तर कृपया देऊ नये; ते घरी आधीच मिळालेले आहे.

सदाशिवपेठी

कर्वेनगरकर, आपण सांगितलेल्या तीन अनुभवांत विसंगती काहीच नाही. तिन्ही ठिकाणी लक्षावर पडणारा भार वेगवेगळा आहे, एवढेच.

वजने उचलताना आपण मनातल्या मनात मोजत असता. हे मोजणे म्हणजे शब्दच होत, आणि ते आपण मनातल्या आवाजात उच्चारत असतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीचे, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती क्षणभर मनात धरणाऱ्या स्मृतीचे, जे प्रारूप मांडले, त्यात ऐकलेले आणि मनात उच्चारलेले शब्द काही क्षण धरून ठेवणारी एक स्वतंत्र व्यवस्था मानलेली आहे, आणि तिची धारणशक्ती फारच तोकडी असते. निवेदकाचे वाक्य आणि आपले ‘सात, आठ, नऊ’ या दोहोंना तिथेच जागा हवी असते. परिणामी आकडा तरी चुकतो किंवा वाक्य तरी सुटते. ट्रेडमिलवर मिनिटे आणि किलोमीटर मोजण्याचे काम यंत्र करते, म्हणून ती जागा गोष्टीला मोकळी मिळते. त्यामुळे हलक्या वजनाच्या दिवशी आकडे मोजण्याऐवजी वेळ लावून पाहावी. चाळीस सेकंदांचा सेट ठरवावा आणि मनगटावरचे घड्याळ थरथरले की थांबावे. जड वजनांना मात्र हा उपाय चालणार नाही. खांद्यावर बारबेल घेऊन स्क्वॉट मारणाऱ्याने आपले लक्ष पाठीच्या कण्यावर आणि श्वासावर ठेवावे. तिथे कथानायकाचे काय व्हायचे ते होवो.

चढावर गोष्ट निसटण्याचे कारण याहून निराळे आहे. श्रम एका मर्यादेपलीकडे गेले की धाप, पोटऱ्यांतला ताण आणि छातीतली धडधड यांच्याकडे लक्ष आपोआप ओढले जाते. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कोस्टास कारागिओर्गिस यांनी व्यायाम आणि संगीत या विषयावर अनेक वर्षे संशोधन केले आहे. हलक्या आणि मध्यम श्रमांत संगीतामुळे दमणूक कमी जाणवते, परंतु अतितीव्र श्रमांत हा परिणाम बराच ओसरतो, असे या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मानले जाते. संगीत निदान पार्श्वभूमीला वाजत राहू शकते; कादंबरीतले एक महत्त्वाचे वाक्य हुकले तर पुढचे पानभर लंगडत चालते. मध्यम व्यायामाची जी साधी खूण सांगितली जाते, म्हणजे बोलता येते पण गाता येत नाही, तीच ऑडिओबुकालाही उत्तम लागू पडते. सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल अशा चालीत गोष्ट ऐकावी; चढ लागला की थांबवावी आणि माथ्यावर पोचून श्वास बसला की पुन्हा सुरू करावी.

आता आपण न विचारलेल्या, पण मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीबद्दल लिहितो. ऑडिओबुकाचा खरा उपयोग वाचन उरकण्यासाठी नसून आपल्याला जिमच्या दारापर्यंत ओढून नेण्यासाठी आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील कॅथरीन मिल्कमन यांनी ज्युलिया मिन्सन आणि केव्हिन व्होल्प यांच्यासह यावर एक सुरेख प्रयोग केला, जो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २२६ जणांचे तीन गट पाडण्यात आले. पहिल्या गटाला उत्कंठावर्धक ऑडिओबुके भरलेले आयपॉड दिले, परंतु ते केवळ जिममध्येच हाती पडतील अशी व्यवस्था केली. दुसऱ्या गटाला तशीच पुस्तके त्यांच्या स्वतःच्या आयपॉडवर भरून दिली आणि ती जिममध्येच ऐकावीत, असे नुसते सुचवले. तिसऱ्या गटाची पुस्तकाच्या दुकानाचे गिफ्ट कार्ड देऊन बोळवण केली. सुरुवातीच्या काळात तिसऱ्या गटाच्या तुलनेत पहिला गट ५१ टक्के, तर दुसरा २९ टक्के अधिक वेळा जिमला गेला. पुढे हा फरक कमी होत गेला, विशेषतः थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या सुटीनंतर. आपल्याकडे दिवाळीनंतर जे होते तेच तिकडेही झाले म्हणायचे. तरीही प्रयोग संपल्यावर असा जिमपुरताच मिळणारा आयपॉड आपल्याला मिळावा म्हणून ६१ टक्के लोक पदरचे पैसे मोजायला तयार झाले. म्हणजे स्वतःला बांधून घेण्याची किंमत लोकांना कळली होती.

यातून घेण्यासारखा नियम असा, की जिमची कादंबरी जिममध्येच ऐकायची. हिंजवडीच्या बसमध्ये तीच कादंबरी पुढे ऐकलीत तर जिमला जाण्याचे निम्मे कारण संपले. बससाठी दुसरे पुस्तक लावावे, आणि व्यायाम संपला की प्रकरण अर्धवट असले तरी थांबवावे. किंबहुना अर्धवट असेल तेव्हा तर नक्कीच. पट्ट्यावर उभे राहून प्रकरण संपवण्याची आपली सवय रसिकतेची आहे, पण दुसऱ्या दिवशीच्या व्यायामाला ती मारक आहे.

पाषाणकर

सदाशिवपेठी यांनी सांगितलेले सारे शास्त्र मान्य आहे, तरी टेकडीच्या बाबतीत माझे मत स्पष्टपणे विरुद्ध आहे. वेताळ टेकडीवर पहाटे मोरांचा केकारव ऐकू येतो, खाणीच्या बाजूला पाण्यावर पक्षी असतात, आणि हे शहराच्या मध्यात विनामूल्य मिळत असताना कानांत बोंडे घालून कोणाची तरी कादंबरी ऐकत फिरणे मला पटत नाही.

हा आवडीनिवडीचा भाग सोडून देऊ. टेकडीवर काही वाटा निर्जन आहेत. कुत्र्यांच्या टोळ्या असतात, गवतात साप असतात, आणि मागून सायकल येत असली तर ती आधी कानालाच कळते. दोन्ही कान बंद करून तिथे फिरणे शहाणपणाचे नव्हे, आणि एकट्याने जाणाऱ्यांसाठी, मुख्यत्वे स्त्रियांसाठी, तर नाहीच. ऐकायचेच असेल तर कमला नेहरू पार्कसारखी राबती बाग किंवा आपल्या सोसायटीचे आवार त्यासाठी पुरेसे आहे.

जाता जाता, जे सद्गृहस्थ मोबाइलच्या स्पीकरवर प्रवचन लावून सबंध टेकडीला ऐकवत चालतात, त्यांच्यापेक्षा कर्वेनगरकर शतपटीने बरे, हेही नमूद करतो.

कर्णोपकर्णी

मी श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे आपल्या मूळ प्रश्नातले ‘आवाज वाढवत न्यावा लागतो’ हे वाक्य वाचून थबकले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. तीच पातळी ९० डेसिबल झाली की ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा सुमारे दुप्पट होते, म्हणून आकडा थोडासा वाढलेला दिसला तरी कानाच्या दृष्टीने तो थोडासा नसतो.

ऑडिओबुकात एक खास मेख आहे. गाण्यातला आवाज बहुतांशी एका पातळीवर राखलेला असतो, पण चांगला निवेदक कुजबुजतो, थांबतो, मध्येच स्वर चढवतो. जिमच्या गोंगाटात कुजबुज ऐकू यावी म्हणून आपण आवाज वाढवतो आणि नंतर तो खाली आणायचे विसरतो. गोंगाट कमी करणारे, म्हणजे नॉइज कॅन्सलिंग असलेले, हेडफोन इथे उपयोगी पडतात. मात्र त्यांच्याकडून अपेक्षा बेताची ठेवावी. ट्रेडमिलच्या मोटरची किंवा एसीची एकसुरी घरघर ते छान शोषून घेतात, पण जमिनीवर आदळलेल्या लोखंडी प्लेटचा खणखणाट अडवणे त्यांना तितकेसे साधत नाही. त्याऐवजी कानात घट्ट बसणारे रबरी टोक निवडले तर बाहेरचा आवाजच मुळात कमी आत येतो आणि पुस्तक हळू आवाजात ऐकता येते.

या घट्ट टोकांचा तोटा धावताना कळतो. कानाचे छिद्र बंद झाले की हाडांतून येणारे आपल्याच शरीराचे आवाज आत कोंडले जातात, त्यामुळे पावलांचा धपधप आवाज आणि श्वास यांची भर निवेदनात पडते. धावण्यासाठी म्हणून कान उघडा ठेवणारी, गालफडाच्या हाडावर टेकणारी उपकरणे अनेकांना सोयीची वाटतात, आणि पाषाणकरांनी काढलेल्या मुद्द्यालाही ते बऱ्यापैकी उत्तर आहे. हाडांतून ऐकल्याने कानाला इजा होत नाही, असा समज मात्र करून घेऊ नये. ध्वनी कोणत्याही वाटेने आला तरी शेवटी आतल्या त्याच नाजूक पेशींपर्यंत पोचतो.

कर्वे रस्ता किंवा तत्सम वाहत्या रस्त्याच्या कडेने चालत असाल, तर यांतले काहीही न वापरणे उत्तम. तिथे गोष्ट ऐकू येण्याइतका आवाज ठेवला की बसचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि हॉर्न ऐकू येत असेल तर गोष्ट ऐकू येत नाही.

कर्वेनगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोजण्याचा मुद्दा मला अगदी नवा होता आणि तो लगेच पटला. एक उपप्रश्न राहतो. कादंबरीपेक्षा चरित्र, इतिहास, अर्थशास्त्र अशी माहितीपर पुस्तके व्यायामात ऐकावीत, म्हणजे वेळ सत्कारणी लागेल, असे कार्यालयातील एका मित्राचे म्हणणे आहे. ऐकलेले खरोखर लक्षात राहते काय? आणि वेगाबद्दल कोणीच लिहिलेले नाही.

निवृत्त ग्रंथपाल

वाचकांशी निगडित नोकरीत आयुष्य गेल्यामुळे या उपप्रश्नावर लिहिण्याचा मोह आवरत नाही.

वाचणे आणि ऐकणे यांत आकलनाचा फरक पडतो काय, यावर संशोधन झालेले आहे आणि त्याचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कथनात्मक स्वरूपाचा माहितीपर मजकूर वाचणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या आकलनात लक्षणीय तफावत आढळली नाही. त्याआधी २०१० मध्ये डेव्हिड डॅनियल आणि विल्यम वुडी यांनी विद्यार्थ्यांना अभ्यासाचा लेख दिला होता. काहींनी तो वाचला, काहींनी पॉडकास्ट म्हणून ऐकला; चाचणीत ऐकणारे मागे पडले. या दोहोंनीही व्यायाम करत ऐकण्याचा प्रश्न तपासलेला नव्हता. तरीही मला यातून एक धागा दिसतो. गोष्टीसारखे पुढे सरकणारे लेखन कानाला झेपते; परीक्षेसाठी घोटून बसवायचे लेखन झेपत नाही. कारणही उघड आहे. वाचताना आपल्या डोळ्यांच्या हालचालींपैकी सुमारे दहा-पंधरा टक्के मागच्या शब्दांकडे वळणाऱ्या असतात, आणि त्या इतक्या सहज घडतात की आपल्याला जाणवतही नाहीत. कानाला अशी मागे वळण्याची सोय नाही. तिथे बटणच दाबावे लागते.

म्हणून आपल्या मित्रांचा सल्ला अर्धाच घ्यावा. चरित्रे, आत्मचरित्रे, प्रवासवर्णने, आठवणी हे सारे व्यायामात उत्तम ऐकता येते, कारण त्यात एकच माणूस धागा धरून पुढे चालतो. अर्थशास्त्र टेबलापाशी बसून वाचावे. भरपूर पात्रे आणि अनोळखी नावे असलेल्या अनुवादित कादंबऱ्याही टाळलेल्या बऱ्या. कोण कोणाचा मेहुणा हे पान उलटून पाहण्याची गरज तिथे वारंवार पडते. याउलट आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत पात्रांची झुंबड असली तरी त्या ऐकायला जड जात नाहीत, कारण मराठेशाहीतली माणसे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. पानिपतचा शेवट काय होणार हे माहीत असूनही माणूस चालण्याचा वेग वाढवतो, ही गंमत मी स्वतः अनुभवतो. आणि एकदा वाचलेले आवडते पुस्तक पुन्हा ऐकणे हा तर माझ्या मते सर्वांत निर्धोक मार्ग आहे. दोन वाक्ये हुकली तरी बिघडत नाही, आणि डोळ्यांनी घाईत ओलांडलेली वर्णने कानाला नव्याने भेटतात. त्यामुळे वजनांच्या दिवशी काही ऐकायचेच असेल, तर हेच ऐकावे.

श्रम करताना शब्दांची सोबत आपल्याला नवी नाही. हेमा राइरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी पुण्यातून काम करत जात्यावरच्या लाखभर ओव्या संकलित केल्या. त्या ओव्यांची लय जात्याच्या फेऱ्याशी जोडलेली होती, म्हणून अंग आणि शब्द एकत्र चालत. कादंबरीच्या गद्याला अशी लय नसते. त्यामुळे सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या, जोर-बैठका अशा ठेक्यावर होणाऱ्या व्यायामांत ती मध्ये मध्ये येते, आणि चालणे किंवा जागेवरची सायकल अशा आपोआप घडणाऱ्या हालचालींत मात्र खुशाल रमते.

वेगाविषयी माझा अनुभव असा, की एकट्या निवेदकाचे संथ वाचन सव्वापट वेगाने ऐकायला हरकत नसते. ॲप आवाजाची पट्टी तशीच राखून फक्त वेग वाढवते, त्यामुळे निवेदक चिरकत नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढाच केला तरी दहा तासांचे पुस्तक चार आठवड्यांत संपते, आणि सव्वापट वेगाने त्याहून थोडे लवकर. इतके पुरेसे नाही काय? अनेक कलाकारांनी पार्श्वसंगीतासह केलेले नाट्यमय वाचन मात्र मूळ वेगानेच ऐकावे. तिथे विरामांनाही अर्थ असतो आणि वेग वाढवला की संवाद भांडणासारखे वाटू लागतात.

सदाशिवपेठी

ग्रंथपालांच्या वेगाच्या मुद्द्यावर किंचित मतभेद नोंदवतो. पुस्तक निवांत बसून ऐकत असाल तर सव्वापट ठीक आहे. ट्रेडमिलवर मूळ वेगच ठेवावा, कारण तिथे सुटलेला शब्द पुढच्या विरामात जुळवून घेता येतो आणि वेग वाढवला की तो विरामच आखडतो. ज्यांना सव्वापट वेगाने जमते त्यांनी अवश्य ऐकावे.

कर्वेनगरकर, आणखी दोन व्यावहारिक सूचना. तळघरातल्या जिममध्ये नेटवर्क मिळेलच असे नाही, तेव्हा पुस्तक घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवावे. आणि दिवाळीच्या सुटीसाठी चालू कादंबरी संपवून मोकळे होऊ नये. खंड पडणार असे दिसताच एखादे नवे पुस्तक पहिल्या दोन प्रकरणांपर्यंत ऐकून, नेमक्या अडलेल्या जागी सोडून द्यावे, म्हणजे भाऊबीज उरकल्यावर जिमला जायला निमित्त शोधावे लागणार नाही.